मदार फरास आणि मडमेच्या कुंड्या

मदारचाचा समोर आलेल्या माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत. आधी त्याच्या सावलीकडे बघत. ती किती लांब आहे, कुठल्या अंगाला पडली आहे, हे डोळ्यांनी मोजून झालं की मग मान वर करायची आणि बोलायचं.

"बीए, दोन हात झाली तुमची. साडेधा वाजलं. कचेरीला पळा की."

माझ्याकडे तेव्हा घड्याळ नव्हतं, आणि चाचांच्या शेजारी राहत होतो तोवर ते घ्यावं असं वाटलंही नाही. फक्त ढगाळ दिवशी पंचाईत व्हायची. त्या दिवशी चाचा सगळ्यांशीच जरा तुटक वागत. "सावली न्हाई तर माणूस अर्धाच दिसतोय मला," म्हणत आणि घरात जाऊन बसत.

रस्त्यात कोणी उन्हात उभं राहिलेलं त्यांना खपत नसे. अनोळखी माणसाचंही कोपर धरून त्याला दोन पावलं सरकवत. "पावणं, जरा हिकडं या. हितं लिंबाची सावली हाय, तिथं काय ठेवलंय?" पाव्हणा आधी चिडायचा आणि डोकं निवलं की गप्प व्हायचा. एकदा एकजण म्हणाला, "म्हाताऱ्या, माझी बैलं तिकडं हाईत, त्यांच्यावर नजर ठेवायला उभा हाय मी." चाचांनी जाऊन त्याची बैलंही सावलीत आणून बांधली.

मदारचाचा फरास. चाळीस वर्षं त्यांनी दरबारच्या फरासखान्यात काढली. फरासखाना म्हणजे तंबू, कनाती, शामियाने, सतरंज्या यांचं खातं. दरबार भरला, शिकारीचा मुक्काम पडला, गोरे पाहुणे आले, की माळावर एका रात्रीत कापडाचं गाव उभं करायचं आणि काम झालं की एका सकाळीत गुंडाळायचं. गुडघे कुरकुरायला लागले तसे ते घरी बसले. निघताना वरिष्ठांनी विचारलं, "मदार, काय पाहिजे?" लोक अशा वेळी जमीन मागतात, मुलाला चिकटवून घ्या म्हणतात. मदारचाचांनी एक फाटका तंबू मागितला. रद्दीत काढलेला. तो त्यांना मिळाला, आणि चाचा तो डोक्यावर घेऊन मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात आले. लिहून दिलेला कागद मात्र कमरेला जपून ठेवलेला. कोणी तंबूकडे जरा निरखून बघितलं की कागद बाहेर. "चोरीचा न्हवं. वाचा."

आता थोडं माझ्याविषयी, कारण त्याशिवाय कुंड्यांची गोष्ट सांगता येणार नाही. मी शिरोळकडच्या कुणब्याचा मुलगा. आमच्या घराण्यात अंगठा उठवणारे पुष्कळ झाले, सही करणारा मी पहिला. महाराजांनी आमच्यासारख्यांसाठी कोल्हापुरात बोर्डिंगं उभी केली, त्यातल्या एकात राहून, चार घरची भाकरी न मागता, मी बी.ए. झालो. हे मी अभिमानाने सांगतो आणि सांगत राहणार. परीक्षेचा निकाल लागला तेव्हा आमच्या आबांनी गावात गूळ वाटला होता, आणि आता पोरगा लवकरच मोठा अंमलदार होणार असं पारावर बसून सांगितलं होतं. प्रत्यक्षात मी बांधकाम खात्यात कारकून होतो, तोही हंगामी. दर तीन महिन्यांनी मुदत वाढायची, आणि ती वाढेपर्यंत मी झोपेत कूस बदलायलाही भीत असे.

गंगूआक्का म्हणून एक विधवा बाई होत्या. त्यांच्या घराच्या माडीवर मी राहत होतो. खाली फरसबंद परस, आणि परसाच्या पलीकडच्या अंगाला मदारचाचांची एक खोली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा कबनूरला विणकामात होता, त्याचे माग होते, संसार होता. तो दर महिन्याला यायचा आणि "अब्बा, चला की माझ्याकडं" म्हणायचा. चाचा दर महिन्याला म्हणायचे, "तुझ्याकडं अंगण कुठाय? मेख कुठं ठोकू, तुझ्या मागावर?"

मेख ठोकल्याशिवाय चाचांना दिवस जात नसे. परसात काही ठेवलेलं दिसलं की त्यावर छत धरायचं ही त्यांच्या हाताला लागलेली खोड. आक्कांच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर त्यांनी चौकोनी राहुटी उभारली होती, चार बाजूंना झालर लावून. कोंबड्या त्यात इतक्या रमल्या की अंडी घालायला दुसरीकडे जाईनात. पण एका चैत्रात आक्कांनी सांडगे वाळत घातले आणि त्या देवळात गेल्या. परत येऊन बघतात तो सांडग्यांवर छत.

"चाचा! आवं सांडगं हाईत ती! उनात वाळवायला घातल्यात!"

चाचांनी छताकडे बघितलं, सांडग्यांकडे बघितलं, आणि खरोखर ओशाळले. "व्हय की. पर आक्का, केवढं ऊन लागत हुतं त्यांना."

त्या वर्षी आम्ही सांडगे जरा आंबूसच खाल्ले.

पण माणूस आपल्या कामात असा पक्का, की मी कॉलेजात एवढे प्रोफेसर बघितले, त्यांच्यात तसे दोन-चारच होते. आमच्या बोळात एकदा एक लग्न होतं. मांडव घालून झाला, पानं-फुलं लागली, मुहूर्ताला घटका-दीड घटका राहिली, आणि मदारचाचा येऊन मधोमध उभे. "तोंड चुकलंय. अक्षता पडायच्या टायमाला ऊन थेट नवरीच्या डोळ्यात येतंय." वधूपिता हात जोडू लागला, वरपक्ष आवाज चढवू लागला. चाचांनी दोन्हीकडे लक्ष दिलं नाही. चार तगडे गडी घेतले, आठ दोऱ्या सोडल्या, आणि अख्खा मांडव, पानाफुलांसकट, कडेवरच्या पोरासारखा फिरवून ठेवला. मुहूर्त साधला. जेवणाच्या वेळी शेजारच्या बोळातल्या लग्नाची मंडळीही आमच्याच मांडवात येऊन बसली, कारण तिकडे त्यांची पत्रावळ तापत होती.

तर कुंड्या.

आमच्या खात्याचे साहेब गोरे होते. उन्हाळ्यात ते आणि मडमसाहेब महाबळेश्वरला जायचे. त्या वर्षी बंगल्याचा माळी तापाने पडला. बाईंच्या खोलीत, खिडकीशी ठेवलेल्या आठ कुंड्या होत्या, त्या कोणावर सोपवायच्या हा प्रश्न आला. साहेबांनी कचेरीत विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी वर केली.

साहेब म्हणाले, "तुम्ही पदवीधर आहात, पुस्तक वाचून काळजी घ्याल." आणि लगेच पुढे म्हणाले, "परत आल्यावर तुमच्या कायम होण्याचंही बघू." दोन वाक्यं त्यांनी एकामागून एक म्हटली. त्यांच्या मनात त्यांचा संबंध होता की नाही, देव जाणे. माझ्या मनात मात्र त्या दोन वाक्यांची गाठ पडली ती सुटली नाही. झाडं जगली तर नोकरी, झाडं मेली तर शिरोळ.

बैलगाडीतून आठ कुंड्या आल्या. सोबत बाईंनी दिलेलं इंग्रजी पुस्तक, चित्रांचं, लंडनला छापलेलं. झाडांची नावं मी पाठ केली: बिगोनिया, जिरेनियम, फ्युशिया. एकाची पानं मखमलीसारखी, एकाला लाल फुलांचे गुच्छ, एकाची फुलं कानातल्या झुमक्यासारखी खाली लोंबणारी. पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं की फुलं भरपूर यायला हवी असतील तर कुंड्या दक्षिणेच्या अंगाला ठेवाव्यात आणि मिळेल तेवढा सूर्यप्रकाश द्यावा. मी परसातल्या फरशीवर, दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी, आठही कुंड्या ओळीने मांडल्या. भिंतीला नुकताच चुना दिला होता. महिना चैत्राचा.

मदारचाचा बाहेर आले आणि जागीच थबकले.

"बीए, ह्यांनी काय गुन्हा केलाय?"

"चाचा, हे शास्त्र आहे. पुस्तकात लिहिलंय, ऊन भरपूर द्या."

"कुठं छापलंय पुस्तक?"

"लंडनला."

"तिथं ऊन किती असतंय?"

हा प्रश्न मला परीक्षेत कधी आला नव्हता. मी म्हटलं, "तुम्ही तंबूचं बघा, मी झाडांचं बघतो." आज हे लिहिताना वाईट वाटतं. पण तेव्हा छापील अक्षरापुढे मला दुसरं काही खरं वाटत नव्हतं. ज्या अक्षरांनी मला नांगरामागून उचलून खुर्चीवर बसवलं, ती अक्षरं खोटी कशी असतील?

चाचा कुंड्यांपाशी आले. खाली वाकून त्यांनी फरशीवर तळहात टेकवला आणि चटकन उचलला. मग भिंतीपाशी हात धरला. "वरनं येतंय त्ये ऊन पावणं," ते स्वतःशीच म्हणाले, "खालनं आन् भितीतनं येतंय त्ये चोर." आणि आत गेले.

तिसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तर पानांवर पांढरे डाग, कडा भाजलेल्या पापडासारख्या. कळ्या गळून पडलेल्या. मी घाबरलो. दुसरा दिवस रविवार. पुस्तक उघडलं, 'पाणी' हे प्रकरण काढलं, आणि भर बारा वाजता विहिरीचं गार पाणी बादल्यांनी ओतलं, पानांवर, फुलांवर, सगळीकडे. संध्याकाळपर्यंत मखमली पानांची बिगोनिया शिजवलेल्या भाजीसारखी झाली. आठातली एक गेली. बाकीच्या सात माना टाकून उभ्या.

मी चाचांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

चाचांनी मान वर करून आधी माझ्या पायाशी बघितलं. सूर्य मावळला होता, तिथे काही नव्हतं. मग तोंडाकडे बघितलं.

"लई बेस, आलासा त्ये," ते म्हणाले. "चला. आता त्ये पुस्तक मिटा, आन् एका कुंडीखाली ठेवा. फरशीची धग तरी लागायची न्हाई."

पुस्तक मी खाली ठेवलं नाही. तेवढा मान मी राखला. पण मिटलं.

"चाचा, तुम्हाला झाडांचं कळतं?"

"झाडाचं न्हाई कळत. उनाचं कळतंय. दरबाराच्या शामियान्याम्होरं कुंड्या मांडायचं काम आमचंच. चाळीस वर्सं बगितलं, सकाळी हासणारी कुंडी सांजच्याला कशी हुती त्ये. पर तवा हुकूम मांडायचा हुता, वाचवायचा न्हवता."

दुसऱ्या दिवशी पहाटे काम सुरू झालं. मी आयुष्यात बघितलेलं सगळ्यात नेटकं बांधकाम ते. तेही बांधकाम खात्यातल्या माणसाने म्हटलंय, हे ध्यानात घ्या. कुंड्या भिंतीपासून सात हात लांब आणल्या. खाली विटा, विटांवर भाताचा पेंढा. प्रत्येक कुंडी एका मोठ्या कुंडीत ठेवली आणि मधल्या फटीत ओली वाळू भरली, म्हणजे मुळाला झळ पोचायला नको. फाटक्या तंबूचं कापड उसवून दोन छतं शिवली आणि एकावर एक अशी बांधली की मध्ये चार बोटांची फट राहावी. "वरचं तापतंय, मधनं वारा जातोय, खालचं निवांत. सायबाचा तंबू असाच असतोय." पश्चिमेला कनात, तिला वाळ्याचा पडदा, दुपारी त्यावर पाण्याचा हबका.

छत इतकं विरलेलं होतं की त्यातून उजेड झिरपे. मी म्हटलं, ह्याला ठिगळ लावू या. चाचांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. माणसाला सावली पिठल्यावानी घट्ट लागती. फुलाला ताकावानी पातळ पायजे. घट्ट सावलीत झाड जगंल, पर फुलायचं न्हाई."

मी कात्री घेऊन भाजलेली पानं कापायला बसलो, तर ओरडलेच. "हात लावू नगा! मेलंय त्ये पान, पर खालच्या कवळ्या पानावर सावली धरून बसलंय. त्येचं काम झालं की आपनच गळंल."

पाणी दोनदाच. उजाडायच्या आधी आणि दिवस मावळल्यावर, तेही आधी मातीत बोट घालून बघून. आणि तंबू एका जागी नाही. उन्हाबरोबर तो फिरायचा. दहाला, बाराला, दोनला, चारला. दर वेळी चाचा बाहेर येणार, लाकडी मोगरीने मेखा सैल करून उपटणार, फरशीच्या सांध्यांत पुन्हा ठोकणार, आणि मुक्कामावर ओरडावं तसं ओरडणार, "सोड! सरकव! ताण!" ओरडायचे स्वतःलाच. दोरी सोडणारेही तेच आणि ताणणारेही तेच.

आक्का ओट्यावर बसून तांदूळ निवडत. "झाडास्नी तंबू, आन् माझ्या कोंबड्या उनात. काय दिवस आलं!"

"आक्का, तुमच्या कोंबड्यास्नी राहुटी हाय की."

"तिची झालर फाटली, तिकडं कोण बगनार? आता मडमी आल्यात न्हवं घरात."

मडमी म्हणजे कुंड्या. मी पाठ केलेली इंग्रजी नावं कोणाच्या जिभेवर बसली नाहीत. चाचांनी त्यांना आपली नावं दिली होती. लाल गुच्छाची ती फेटेवाली. लोंबत्या फुलांची झुमकेवाली. एक उगाच अंग चोरून उभी असायची, ती सासुरवाशीण. चाचांचं त्यांच्याशी सारखं बोलणं चाललेलं असे, तेही रागे भरल्यासारखं. "झुमकेवाली, मान वर कर. कुणी मारलं न्हाई तुला."

त्याच सुमारास कबनूरच्या मुलाचा निरोप आला, नातवाचा वाढदिवस आहे, या. चाचांना लिहिता येत नसे. पत्र मी लिहिलं, त्यांनी सांगितलं तसं शब्दाला शब्द: घरात पाहुण्या आहेत, सातजणी, नाजूक आहेत, त्यांना उन्हात सोडून येता येत नाही. पत्र पोचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगा धापा टाकत बोळात हजर. परसात आला, तंबू बघितला, आत वाकून बघितलं, आणि मटकन खाली बसला. "अब्बा," तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "माझ्या बायकोनं तिकडं रडून घर डोक्यावर घेतलंय."

चाचांनी त्याला आधी सावलीत सरकवलं, मग पाणी दिलं.

पंधरा दिवसांत सासुरवाशिणीला नवा कोंब फुटला. मी कचेरीतून येताना बोळाच्या तोंडापासून पळत येऊ लागलो. एके दिवशी असाच आलो, आणि परसात आक्कांचा आवाज चढलेला ऐकू आला. झालं होतं असं, की दुपारी वैशाखातली वावटळ उठली. पश्चिमेची मेख फरशीतून उपटून निघाली, आणि मेख पुन्हा ठोकायला खांब सोडावा तर छत कुंड्यांवर कोसळणार. मदारचाचा खांब छातीशी धरून उभे होते. डोकं उघडं, कारण छत फाटलं तिथे त्यांनी आपल्या पटक्याचं कापड बांधलं होतं. आक्का शेजारी गेलेल्या. बोळात कोणी पुरुष माणूस नाही. आल्याआल्या आक्कांनी शेजारच्या बोळातून दोघांना हाक मारून आणलं तोवर चाचा दोन अडीच तास तिथेच, आपल्याच तंबूच्या बाहेरच्या अंगाला, उन्हात.

मी आलो तेव्हा ते ओट्यावर आडवे पडले होते. आक्का तळपायाला कांदा चोळत होत्या आणि तोंडाने आग ओकत होत्या. "साऱ्या पेठेला सावलीत बसीवतोय, आन् स्वोता उनात मरतोय! सोडायचा हुतास की खांब, आं? सात कुंड्या गेल्या असत्या, त्या बीएची नोकरी गेली असती, दुसरी मिळाली असती!"

चाचांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून हलकेच म्हणाले, "झुमकेवालीला कळी आलीया. खांब सोडला असता तर तिच्यावरच पडला असता."

मी त्या रात्री जेवलो नाही. मला आठवलं, तंबू कोसळला असता तर काय झालं असतं याचा विचार करताना मी आधी माझ्या नोकरीचा केला होता. चाचांनी केला नव्हता.

ते उठून बसले तेव्हा मी म्हटलं, "चाचा, ही झाडं आता वाचली. मडमसाहेब आल्या की परत जातील."

"जाणारच की. वाचली तर जाणार, मेली तर ऱ्हाणार. अशीच अट हाय." आणि हसले.

"एखादी फांदी काढून लावू या. फेटेवालीची फांदी लागते, पुस्तकात आहे. कोणाला कळणार नाही."

चाचांचं हसू मावळलं. कमरेचा तो कागद त्यांनी बाहेर काढला नाही, पण हात तिकडे गेला. "बीए, दरबाराचं चाळीस वर्सं काम केलं. घरी एक मेख न्हेली न्हाई. शिकल्याली मानसं असं बोलाय लागल्यावर आमी कुणाकडं बगायचं?"

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

साहेब मृगाला परतणार होते, पण दरबारात काही काम निघालं आणि ते पंधरा-वीस दिवस आधीच आले. सकाळी गाडीवान बैलगाडी घेऊन दारात. चाचांनी एकेक कुंडी बाहेरच्या कुंडीतून काढली, वाळू झटकली, गाडीत पेंढा घालून ओळीने ठेवली. सात फुललेल्या. शेवटी आठवी, नुसती माती असलेली, तीही ठेवली.

"ही कशाला?" मी म्हटलं.

"कुंडी त्यांची हाय."

गाडी हलणार तोच चाचांनी खालचं छत सोडलं, चार काठ्यांना बांधलं आणि दोन माणसं हाताशी धरली. मंगळवार पेठेतून बंगल्यापर्यंत आमची मिरवणूक निघाली. मध्ये बैलगाडी, गाडीवर चौघांनी धरलेला चांदवा, मागच्या दोन काठ्या माझ्या आणि चाचांच्या हातात. लोक थांबून विचारत, कुणाचा देव निघालाय. चाचा कोणाला उत्तर देत नव्हते. रस्ता वळला की फक्त म्हणत, "बीए, काठी जरा उजवीकडं. ऊन फिरलं."

बाई व्हरांड्यात आल्या आणि त्यांनी दोन्ही हात गालाला लावले. जाताना दिल्या होत्या त्याहून जास्त फुलं आहेत, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. साहेबांनी माझा हात हातात घेतला. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, दुसऱ्याचं पीक आपल्या खळ्यात घालायला मला कोणी शिकवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, एक कुंडी गेली ती माझ्या हातून. सात वाचल्या त्या यांनी वाचवल्या. मदार फरास." हे सांगताना नोकरी गेली तरी चालेल असं मला वाटलं, असं मी लिहिणार नाही.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. बाईंनी चाचांना विचारलं, तुम्हाला काय देऊ. मी मराठीत सांगितलं.

चाचा व्हरांडा न्याहाळत होते. "बाईसाबास्नी म्हनावं, त्या काचंच्या खिडकीशी ठेवू नगा. काच ऊन चौपट करती. ह्या खांबाआड ठेवा. आन् झुमकेवाली," त्यांनी बोटाने दाखवली, "हिला दुपारी पानी देऊ नगा. लवकर माफ करनार न्हाई ती." एवढंच सांगून ते निघाले. मी त्याचं इंग्रजी केलं, पण 'माफ करणार नाही' कसं सांगावं ते सुचलं नाही म्हणून सोडून दिलं.

शनिवारी मला कायम केल्याचा हुकूम आला. आबांना पत्र टाकलं. आक्कांनी गोड केलं. चाचांनी दोन घास जास्त खाल्ले, पाठीवर थाप मारली, "आता घड्याळ घ्या," म्हणाले.

रविवारी दुपारी मी माडीवर पडलो होतो. बाहेर ऊन रखरखत होतं. खालून मोगरीचा आवाज आला, ठक ठक. खिडकीतून बघितलं. मदारचाचा तंबूच्या मेखा उपटत होते. मला वाटलं, गुंडाळतायत. पण नाही. त्यांनी खांब उचलला, दोन हात पश्चिमेला नेला, मेखा पुन्हा ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, एकेक दोरी बोटाने वाजवून बघितली. खाली मोकळ्या विटा आणि विस्कटलेला पेंढा. पश्चिमेच्या वाळ्यावर त्यांनी पाण्याचा हबका मारला आणि आपल्या दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. चारला उठले. पुन्हा तेच. या वेळी "सोड, सरकव, ताण" असं काही ओरडले नाहीत.

मी चटई घेतली, खाली गेलो आणि विटा बाजूला करून तंबूखाली जाऊन बसलो. सोबत वाचायला काही नव्हतं. नुसताच बसलो.

चाचांनी उंबऱ्यावरून बघितलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठले, तंबूला एक फेरी घातली, वाकून बघितलं.

"पाय बाहेर हाईत तुमचं," ते म्हणाले.

मी पाय आत घेतले. त्यांनी पश्चिमेची दोरी सोडली.

"उठा जरा. हे सरकवायला पायजे."

मी उठलो. चटई उचलून दोन पावलं सरकलो आणि पुन्हा बसलो.